कमान आवळली म्हणजे कडक झाली का?



मागच्या अंकात टायरमधल्या हवेबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरेच मेसेज आले. त्यांची उत्तरं पुढच्या महिन्यात देतो. आज आधी एक जुनी चूक निस्तरायची आहे, आणि ती माझीच आहे.

दोनेक वर्षांपूर्वी याच सदरात मी बिनधास्त लिहून गेलो होतो की मोटरसायकलचा मागचा शॉकअप आवळला, की स्प्रिंग कडक होते. खंडव्याच्या एका वाचकांनी ते मनावर घेतलं. आकडीचा पाना घेऊन दोन्ही शॉकअप शेवटच्या खाचेवर नेले आणि दोन महिने कंबर धरून हिंडले. तक्रार अशी काही केली नाही, फोनवर एवढंच विचारलं, "काका, कडक म्हणजे एवढी कडक असते का?" गृहस्थ अंगाने अगदी बारीक. मी म्हटलं, जरा वजन वाढवा. ते हसले, मीही हसलो आणि विषय तिथेच राहिला.

मग यंदाच्या जुलैत तोच विषय माझ्याच गाडीतून माझ्याकडे परत आला.

आमची गाडी जुनी, इंदूरहून घेतलेली. डिकीत सीएनजीची टाकी. ही टाकी लोखंडी, गॅस भरून साठ-सत्तर किलोची, आणि ती असते थेट मागच्या चाकांवर. म्हणजे एक भरल्या अंगाचा पाहुणा डिकीत कायमचा येऊन बसला आहे आणि उतरायचं नाव घेत नाही. त्यात गाडीचं वय. मागून ती बसल्यासारखी दिसायची. चार माणसं बसली की प्रत्येक स्पीडब्रेकरला पोट घासायचं. रात्री समोरून येणारे लोक दिवे मारून शिव्या घालायचे, ते वेगळंच. गाडी मागून बसली की पुढचे दिवे आभाळाकडे बघतात, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

गावातल्या एका मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याने खाली वाकून पाहिलं आणि निदान केलं, "साहब, कमानी में जान नहीं रही." उपाय तयारच होता. स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये घट्ट बसणारे जाड रबराचे तुकडे. दोन्ही बाजूंना एकेक ठोकून बसवले. गाडी मागून दोन बोटं वर आली. मी खूश. "प्रीलोड बढ़ा दिया," असं तो म्हणाला, आणि मी मान डोलावली, कारण मी स्वतः तेच तर लिहिलं होतं!

आठवड्याभराने आईला डोळे दाखवायला इंदूरला निघालो. आई ब्याऐंशी वर्षांची. पहाटे पाचला निघालो, असीरगडाशी उजाडलं, खंडव्याला चहा झाला. मोरटक्क्याच्या पुलावरून आईने नेहमीप्रमाणे नर्मदामाईला हात जोडले. तोवर सगळं ठीक. एवढंच की प्रत्येक खड्ड्यानंतर गाडीचं मागचं अंग दोन-तीनदा उड्या मारत होतं. बडवाह सोडलं आणि पाऊस लागला. पुढे भेरूघाटाच्या एका उतरत्या वळणावर, वेग काही फार नव्हता, पण डांबर ओलं आणि मधे एक उंचवटा. मी वळवली, आणि पुढची चाकं माझं ऐकत असताना मागची चाकं आपल्या मनाने बाहेर निघाली. स्टिअरिंग उलटं फिरवून कशीबशी सावरली. समोरून केळीचा ट्रक येत होता. त्याने बिचाऱ्याने वेळेत दाबली, म्हणून हे सदर लिहायला मी आहे.

आईचं डोकं खिडकीला आपटलं होतं. कपाळावर टेंगूळ. ती रडली नाही, ओरडली नाही. घाट ओलांडून सिमरोल आल्यावर पदराने कपाळ चोळत म्हणाली, "नंदू, तू गाडीला कमानी बसवल्यास का दगड?"

राखीला बहीण आली, बरोबर भाची. भाचीने इंदूरला मेकॅनिकल केलं, आता पुण्यात गाड्यांच्याच कंपनीत असते. कॉलेजात असताना ती बाहाच्या संघात होती. आपल्यापैकी ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. २००७ पासून पीथमपूरला इंजिनिअरिंगच्या मुलांची ही स्पर्धा होत आली आहे. मुलांनी खाचखळग्यांतून पळणारी एका माणसाची गाडी स्वतः बनवायची. इंजिन सगळ्यांना एकसारखं, त्यामुळे बढाई मारायला जागा कमी. जो फरक पडतो तो सांगाड्यात, वजनात आणि सस्पेन्शनमध्ये. शेवटी चार तासांची दमछाक करणारी शर्यत, तिच्यात निम्म्या गाड्यांचं काही ना काही निखळतं. ही स्पर्धा ज्या नॅट्रॅक्सच्या आवारात होते, तिथेच तो ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा ट्रॅक आहे. २९ जून २०२१ ला प्रकाश जावडेकरांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं होतं. आपल्यापासून इतक्या जवळ एवढी मोठी प्रयोगशाळा आहे आणि आपण सस्पेन्शनचं ज्ञान घेतो ते पानाच्या ठेल्यावर, हे माझ्यासकट सगळ्यांनाच लागू.

तर भाचीने गाडीखाली डोकं घातलं आणि विचारलं, "मामा, स्प्रिंगमध्ये हे मेदूवडे कोणी घातले?"

मी प्रीलोडचं व्याख्यान सुरू केलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं, घरचे संस्कार. मग म्हणाली, "हा प्रीलोड नाहीच. आणि प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही." मी चिडलो. माणूस साठीला आला की चुकीपेक्षा चूक दाखवणाऱ्याचं वय जास्त टोचतं.

वाद घालण्यापेक्षा तिने अंगणात मोटरसायकल काढायला लावली. आधी शॉकअप पहिल्या, म्हणजे सगळ्यात सैल खाचेवर. गाडी मोठ्या स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. चाकाच्या आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत मोजपट्टीने मोजलं, ४० सेंटिमीटर. मग गाडी चाकांवर उभी केली, मुलाने पुढून धरली, मी बसलो, दोनदा दाबून सोडली. ३५.८. माझ्या मागे गव्हाचं वीस किलोचं पोतं ठेवलं. ३४.८. म्हणजे वीस किलोला एक सेंटिमीटर.

आता शेवटची खाच. स्टँडवर पुन्हा ४०च, कारण पूर्ण उघडलेल्या शॉकअपची लांबी तीच राहते, त्याच्यापुढे तो जाऊच शकत नाही. मी बसलो, ३७.४. सीट दीड सेंटिमीटरहून जास्त उंच राहिली. "बघ, कडक झाली," मी म्हणालो. "थांब मामा," म्हणत तिने पोतं ठेवलं. ३६.४.

पुन्हा एकच सेंटिमीटर! मी पोतं दोनदा उतरवून पुन्हा ठेवायला लावलं. केसभर इकडेतिकडे, पण तेच. कडक झाली असती तर वीस किलोला ती कमी दबायला हवी होती ना?

मंडळी, यात जादू काही नाही. स्प्रिंगचा नियम असा की जितकं वजन तितकं दबणं, दुप्पट वजन तर दुप्पट दबणं. रॉबर्ट हुक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने तो १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला, कोणी चोरू नये म्हणून, आणि कोड्याचं उत्तर १६७८ मध्ये दिलं, शिवराज्याभिषेकानंतर चार वर्षांनी. एका किलोला स्प्रिंग किती दबते, हाच तिचा कडकपणा. तो ठरतो तारेच्या जाडीवर, वेढ्याच्या घेरावर, वेढ्यांच्या संख्येवर आणि पोलादाच्या जातीवर. तार थोडी जाड केली तरी फरक प्रचंड, कारण जाडीचा चौथा घात लागतो. तार दहा टक्के जाड, तर स्प्रिंग जवळजवळ दीडपट कडक. खाच फिरवून यातलं काहीच बदलत नाही. तार तीच, घेर तोच, वेढे तेवढेच.

मग आवळल्याने होतं काय? भंगारवाल्याचा आकड्याचा काटा आठवा. त्याचं शून्य त्याने थोडं खाली सरकवून ठेवलं, तर तो प्रत्येक तोलात पाव किलो मारतो. रद्दी दोन किलो असो की वीस, पाव किलोच. पुढच्या प्रत्येक किलोला काटा पूर्वीइतकाच खाली येतो. शॉकअपची खाच म्हणजे हे शून्य सरकवणं. गाडी उभी राहते त्याची उंची सरकते, कडकपणा जागेवरच.

हेच चारचाकीच्या एका मागच्या चाकापुरतं आकड्यात मांडतो, सोयीचे आकडे धरून. समजा स्प्रिंग एक मिलिमीटर दबायला दोन किलो लागतात आणि त्या चाकावर गाडीचं २०० किलो येतं. म्हणजे स्प्रिंग १०० मिलिमीटर दबणार. चाक हवेत लोंबकळत असताना ती मुळात १५ मिलिमीटर दबवूनच बसवलेली असते. हा झाला प्रीलोड, ३० किलोचा. बाकीची ८५ मिलिमीटर म्हणजे चाकाला खाली सरकायला उरलेली जागा. आता स्प्रिंगखाली २० मिलिमीटरची चकती घाला. प्रीलोड झाला ३५ मिलिमीटर, ७० किलो. पण गाडीचं वजन तेच २००, म्हणजे स्प्रिंग दबणार तीच १००. फक्त गाडी २० मिलिमीटर उंच होईल आणि चाकाला खाली जायची जागा ८५ ऐवजी ६५ राहील. वीस किलोचं पोतं दोन्ही वेळा १० मिलिमीटरच दाबेल.

ही खाली जायची जागा लोकांच्या ध्यानातच येत नाही. चाक जसं उंचवट्यावर वर जातं तसंच खड्ड्यात खाली जायला हवं, नाहीतर ते रस्ता सोडतं. खंडव्याच्या त्या वाचकांचं नेमकं हेच झालं होतं. अंगाने बारीक, गाडीवर एकटे, शॉकअप शेवटच्या खाचेवर. चाकाला खाली सरकायला दीडएक सेंटिमीटर उरला असेल. प्रत्येक खड्ड्यात शॉकअप पूर्ण उघडून वरच्या थांब्याला खट्कन आपटत होता, आणि तो खटका कमरेत. आणखी आवळत गेलं तर एक वेळ अशी येते की अंगावर आलेल्या वजनापेक्षा प्रीलोडच जास्त होतो. मग लहानसहान उंचवट्याला स्प्रिंग हलतच नाही, ओंडक्यावर बसल्यासारखं होतं. लोक जिला ‘कडक’ म्हणतात ती ही अवस्था. गाडी कडक वाटते हे खरं, स्प्रिंग कडक झाली हे खोटं. त्यांना फोन करून माफी मागितली. आता ते दुसऱ्या खाचेवर सुखात आहेत, वजन मात्र तेवढंच आहे.

मग माझ्या गाडीचं काय? इथे गंमत अशी की मिस्त्री दोन्ही अंगांनी चुकला. ‘कमानीत जान नाही’ म्हणजे काय? वर्षानुवर्षं ओझं वाहून स्प्रिंग थोडी बसते, तिची मोकळी लांबी कमी होते. पण पोलादाचा गुण तोच राहतो, एका किलोला ती पूर्वीइतकीच दबते. म्हणजे बसलेल्या स्प्रिंगचा कडकपणा गेलेला नसतो, उंची गेलेली असते. टाकीच्या सत्तर किलोंपैकी पस्तीस एका बाजूला, वरच्या हिशेबाने पावणेदोन सेंटिमीटर, अधिक म्हातारपणाचे काही. एवढंच भरून काढायचं होतं, आणि ते काम स्प्रिंगखालच्या साध्या चकतीनेही झालं असतं.

पण वेढ्यांच्या मधे घातलेलं रबर चकतीसारखं वागत नाही. ते गाडी उचलतं खरं, पण सोबत त्या वेढ्याला हलू देत नाही. स्प्रिंगचे सहा वेढे काम करत असतील आणि त्यातला एक पुरता बांधला गेला, तर उरले पाच, आणि स्प्रिंग सहास पाच या प्रमाणात, म्हणजे वीस टक्के कडक झाली. वेढे कमी म्हणजे कडकपणा जास्त. स्पोर्टी दिसावी म्हणून स्प्रिंगचा वेढा कापून घेणारी पोरं याच वाटेने जातात, फक्त त्यांची गाडी वर न जाता खाली बसते.

बरं, कडक झाली तर वाईट काय? वाईट हे की फक्त मागची झाली. वळणावर गाडीचं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातं. एकूण किती जायचं ते वेग, वळण, गाडीची उंची आणि चाकांमधलं अंतर ठरवतं. पण त्यातलं पुढच्या जोडीने किती उचलायचं आणि मागच्या जोडीने किती, हे स्प्रिंगा आणि अँटिरोल बार ठरवतात. जी बाजू कडक तिच्या वाट्याला जास्त ओझं, घरातही असंच असतं. आणि टायरचा स्वभाव असा की ओझं दुप्पट केलं तरी पकड दुप्पट होत नाही. त्यामुळे ज्या जोडीत एका चाकावर फार आणि दुसऱ्यावर कमी असं होतं, त्या जोडीची एकूण पकड घटते. माझ्या गाडीत ती मागची जोडी होती. शिवाय शॉकअप जुने. शॉकअप वजन पेलत नाही, तो स्प्रिंगच्या उड्या मारतो. वीस टक्के कडक झालेल्या स्प्रिंगच्या उड्या त्या थकलेल्या शॉकअपला आवरेनात. उंचवट्यावर मागचं अंग उचललं, चाकं हलकी झाली, रस्ता ओला, वळण उतरतं. भेरूघाटात सगळी मंडळी एकदम हजर होती.

यावर कोणी म्हणेल, आपले केळीवाले तर हेच करतात. नाही, ते वेगळं आहे. पिकअपच्या मागे पाट्यांची जुडी असते आणि बऱ्याच गाड्यांना तिच्यासोबत वेगळा मदतीचा पाटा असतो, जो ओझं आल्यावरच टेकतो. तिथे भरल्या गाडीला कडकपणा खरोखर वाढतो, आणि तो ओझ्याच्या हिशेबानेच ठरवलेला असतो. रावेरकडून रिकामा पिकअप परतताना त्यात कधी बसला असाल तर तुमच्या पाठीला हे माहीत आहे. भरलेला तोच पिकअप केळीचे घड कसे अलगद नेतो!

भाचीकडून आणखी एक गोष्ट कळली, ती मला सगळ्यात आवडली. प्रीलोडने कडकपणा बदलत नाही म्हणून वळणावरच्या वागण्यावर त्याचा परिणाम नाही, असं मात्र नाही. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या एका पायाखाली आपण कागदाची घडी घालतो. तो पाय जास्त वजन घेऊ लागतो, आणि त्याच्या तिरकस समोरचा पायही. उरलेले दोन हलके होतात. गाडीच्या एकाच कोपऱ्यातली स्प्रिंग आवळली की हेच होतं. उजवं मागचं आणि डावं पुढचं चाक जड, बाकी दोन हलकी. मग गाडी डावीकडे एक वागते आणि उजवीकडे दुसरं. बाहाच्या वेळी त्यांची गाडी डाव्या वळणावर शहाण्यासारखी आणि उजव्या वळणावर हट्टी. पोरांनी दोन दिवस स्टिअरिंग खोलून पाहिलं. शेवटी चार वजनकाटे आणून चारही चाकांखाली ठेवले, तेव्हा कळलं की एका शॉकअपची चकती दोन आटे जास्त फिरली होती. म्हणून काहीही करायचं तर दोन्ही बाजूंना सारखंच, आणि नंतर मोजूनच. मोटरसायकलला दोन शॉकअप असतील तर दोन्ही एकाच खाचेवर आहेत ना, हे आज संध्याकाळी बघून घ्या. माझ्या ओळखीतल्या पाच गाड्यांपैकी दोनांत नव्हते.

मी रबरं काढून घेतली. जुळणाऱ्या मोजमापाच्या नव्या स्प्रिंगा मागवल्या. कारखान्यातूनच सीएनजीसह निघणाऱ्या गाड्यांना बऱ्याचदा मागच्या स्प्रिंगा टाकीच्या वजनाच्या हिशेबाने वेगळ्या असतात, तशा. शॉकअपही बदलले, कारण कोपरा दाबून सोडला की गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी, आमची चांगली दोन-तीनदा सलाम करायची. खर्च रबरांच्या कितीतरी पट आला, तो आकडा घरात सांगितलेला नाही, म्हणून इथेही देत नाही. दिव्यांची उंची डॅशबोर्डवरच्या चक्रीने खाली घेतली. ही चक्री गाडीत आहे, हे मला सात वर्षांनी कळलं.

दिवाळीनंतर आईला पुन्हा तपासणीला नेलं. तोच रस्ता, तोच घाट, ऊन लख्ख. भेरूघाटाच्या त्या वळणावर माझे हात आपोआप घट्ट झाले. आरशात पाहिलं, तर आई तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. तिला सिमरोलला उठवलं, तेव्हा म्हणाली, "घाट यायचा आहे ना अजून?"

रबराचे ते दोन तुकडे सध्या आमच्या फाटकाखाली आहेत. वाऱ्याने फाटक आपटायचं, ते आता आपटत नाही.